पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग

लोकांच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली बसतील असे कॉम्प्युटर जोडून देणं हा त्याचा धंदा. सिनेमे, गाणी, चालू कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, सगळं एका डब्यात आणि एका रिमोटवर, असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा आणि पहिले चार दिवस ते खरंही असायचं. गल्लीत त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. घरी मात्र दिव्याखाली अंधार. एखाद्या गिऱ्हाइकाचं काही अडलं आणि दुकानं बंद असली, की मिस्त्री घरी यायचा, स्वतःच्या टीव्हीखालचा डबा उघडायचा आणि लागेल तो भाग उपसून न्यायचा. एकदा पंखा गेला, एकदा मेमरी, एकदा रिमोटचा डोळा. आठवड्याभरात काहीतरी परत यायचं, तेच असेल असं नाही. बायकोने त्या डब्याचं झाकण लावणं कधीच सोडून दिलं होतं. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "हे घर आहे की गोदाम?" दुसऱ्या वर्षी म्हणायचीही थांबली.

तर त्या शनिवारी संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. हे डॉक्टर म्हणजे मिस्त्रीच्या डोक्याला ताप, आणि खरं सांगायचं तर मिस्त्री त्यांच्या डोक्याला. दोन महिन्यांत सात तक्रारी झाल्या होत्या. माणसाचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागाहून येतो. रिमोट कपाटाशेजारी उभं राहिलं तरच चालतो. सिनेमा रंगात आला की डबा स्वतःला अपडेट करायला बसतो आणि अर्धा तास पांढरं वर्तुळ फिरवतो. लावावी बातमी तर रेकॉर्ड होतो स्वयंपाकाचा कार्यक्रम. डॉक्टर सभ्य माणूस, पण सभ्यतेलाही मुदत असते. आता तर आतली डिस्कच बसली होती. "उद्या माझ्याकडे वीस माणसं सिनेमा बघायला येणार आहेत," डॉक्टर म्हणाले. "सकाळपर्यंत हे चाललं नाही तर तुमचा डबा तुमच्या दारात ठेवून जाईन. उचलून आणायला मला मदतनीस लागणार नाही."

मिस्त्री घरी आला. बायको पलंगावर त्याच्या बाबांचे पाय चेपत होती. त्याने कुणाला काही विचारलं नाही, चार स्क्रू काढले आणि डिस्क खिशात घातली. डॉक्टरांकडे जोडल्यावर पुसण्याआधी त्याने आत काय आहे ते बघितलं, तेवढी सवय त्याला होती. एक ते एकशे त्रेचाळीस अशा नुसत्या आकड्यांच्या फायली होत्या. बायको दुपारची मालिका भरून ठेवत असेल, असं त्याला वाटलं. कुठल्या मालिकेचा त्रेचाळिसावा भाग दुसऱ्यांदा बघण्यासारखा असतो? एक फाईल उघडून बघायला दहा सेकंद लागली असती. त्याने डिस्क पुसली, डॉक्टरांचे सिनेमे भरलेली त्यांची जुनी बाहेरची डिस्क तिला जोडून दिली आणि वर सल्लाही दिला, "रात्रभर चालू ठेवा, सकाळपर्यंत सगळं यात उतरेल." ओठ आणि आवाजाचंही जुळवून दिलं. डॉक्टर पहिल्यांदाच त्याच्याशी हसून बोलले, आणि मिस्त्री शीळ घालत घरी आला.

रविवारी नऊच्या सुमारास, मिस्त्री अजून अंथरुणात आहे असं बघून, बायकोने बाबांना टीव्हीसमोरच्या खुर्चीत आणून बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर काहीच येईना.

"अहो, यातलं काही काढलंत का?"

"डिस्क नेली. सोमवारी आणतो दुसरी. एक दिवस मालिका नाही बघितली तर काय बिघडतं?"

तिने त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. मग तिने जे सांगितलं ते तिला सांगायचं नव्हतं, कारण तसं बाबांना वचन दिलेलं होतं.

बाबा सव्वीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे त्यांच्या तोंडून ऐकलं की बहिरासुद्धा उठून उभा राहील, असा खणखणीत आवाज. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हातापायात थोडी जान आली, पण बाबांनी बोलणंच टाकलं. स्वतःच्या तोंडून येणारा तो चिखल त्यांना ऐकवेना. मिस्त्री समोर आला की ते भिंतीकडे बघत. तो समजला, आता हे असंच.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी बायकोला सुचवलं, रोज तीन मिनिटं बोलायचं आणि ते भरून ठेवायचं. तोच टीव्हीखालचा डबा, त्याला एक माइक, आणि वेळ मिस्त्री समोर नसेल ती. पहिल्या दिवशी बाबा तीन मिनिटं नुसतं "म… म…" करत राहिले आणि शेवटी रडले. ते रडणंही भरलं गेलं. त्यानंतर एकशे बेचाळीस दिवस. परवा त्यांनी "मी खिडकीत बसलो आणि सगळ्या गाड्या मोजल्या," असं अख्खं वाक्य तीनदा अडखळून का होईना, पण पूर्ण म्हटलं होतं. रोज त्यांचा धीर सुटायचा. रोज ते खुणेने सांगायचे, पुरे, काही होत नाही माझ्याकडून. मग ती पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावायची, आणि त्यानंतर कालचं. दोन्ही ऐकलं की बाबांचा चेहरा बदलायचा आणि ते माइक जवळ ओढायचे.

"पुरतं जमल्याशिवाय तुम्हाला ऐकवायचं नाही, असं म्हणाले होते," ती म्हणाली. "म्हणजे तसं लिहून दाखवलं होतं."

मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. पण हात ज्या कामात मुरलेले असतात तिथे डोकं आपोआप धावतं. पुसलेली डिस्क म्हणजे अनुक्रमणिका फाडलेली वही. पानं आत तशीच असतात, फक्त त्यांच्यावर नवं काही लिहिलं जायला नको. आणि तो तर सांगून आला होता, रात्रभर चालू ठेवा. त्याने चपलासुद्धा नीट घातल्या नाहीत.

डॉक्टरांच्या दारात चपलांचा ढीग होता. आत पडदे ओढलेले, वीस माणसं दाटीवाटीने बसलेली, सिनेमा सुरू. ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळत होते. डॉक्टर खुशीत बाहेर आले.

"या, या. आज पहिल्यांदा तुमचं कौतुक चाललंय."

आता इथे सरळ सांगायचं ना, की माझं चुकलं, घरची डिस्क दिली आणि तिच्यावर माझ्या बापाचा आवाज आहे. पण पंधरा वर्षं गिऱ्हाइकासमोर चूक कबूल न करण्यात गेलेली. जीभ आपल्या वळणावर गेली.

"डॉक्टर, जरा बंद करावा लागेल. वॉरंटीची एक तपासणी राहिली. दहाच मिनिटं."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "सात वेळा मी तुम्हाला बोलावलं तेव्हा तुम्ही तीन तीन दिवसांनी उगवलात. आज चालतंय तर न बोलावता हजर. हात लावू देणार नाही मी."

"बिघडेल हो."

"बिघडू दे. संध्याकाळी बिघडू दे."

"निदान रेकॉर्डिंग तरी थांबवा. जे चालू असतं ते डबा सतत भरूनही ठेवत असतो."

"तुम्हीच म्हणाला होतात, ते थांबवलं की मागे नेता येत नाही. आत्ताच सासूबाईंनी दोनदा मागे नेलं."

मिस्त्रीने विजेच्या लोडाची भीती घातली. डिस्क तापेल म्हणाला. ती खराब मालातली निघाली, कंपनीने परत मागवली, असंही म्हणाला. एक खोटं निस्तरायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. डॉक्टर दारात हात आडवा धरून उभे. आतून हसण्याचा आवाज आला की मिस्त्रीला वाटायचं, गेले, अजून दोन दिवस गेले. त्याने घड्याळ बघितलं तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. मग तो तिथेच चपलांच्या ढिगाशेजारी खाली बसला आणि रडायला लागला. रडता रडता सगळं सांगितलं, मालिका समजलो होतो तेही सांगितलं.

डॉक्टर सरळ आत गेले आणि भिंतीवरचं मेन बटण दाबलं. वीस माणसं अंधारात ओरडली. परत येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने डबा मिस्त्रीच्या मांडीवर ठेवला.

"हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "आल्या आल्या बंद केलं असतं मी."

दुपारभर मिस्त्री दुकानात डिस्कला चिकटून बसला. परत मिळवायचा प्रोग्राम लावला, मग दुसरा, मग एका ओळखीच्याकडून तिसरा. रात्रीतून डॉक्टरांचे दोनशे सिनेमे बाबांच्या अंगावर येऊन बसले होते. सकाळच्या सिनेमाने उरलंसुरलं मोडलं. अकरा नावं सापडली. आठ उघडलीच नाहीत. एका फायलीत बाबांचं अर्धं वाक्य आणि पुढे घोड्यांच्या टापा. धड म्हणाव्या अशा दोनच निघाल्या, शहाण्णव आणि एकशे एकतीस. पहिली नव्हती.

तो संध्याकाळी घरी आला आणि बाबांच्या समोर बसला. काय झालं ते त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. बाबा बघत राहिले. मग त्याने घाईघाईने एकशे एकतीस लावलं. त्याला वाटलं, आहे ते तरी ऐकवावं. खोलीभर आवाज भरला. "मी… मी… जे… जेव… जे…" बापाचा आवाज त्याने आठ महिन्यांनी ऐकला. बायको म्हणाली, "बघा बाबा, किती सुधारलंय." पण कशापेक्षा? पहिला दिवस गेला होता, आणि एकटं ऐकलं तर एकशे एकतीस म्हणजे एका मोडलेल्या माणसाचं तोतरं बोलणं होतं, दुसरं काही नाही. बाबांनाही तेच ऐकू आलं असावं. त्यांनी डोळे मिटले आणि डावा हात हळूच हलवला, पुरे.

सोमवारी मिस्त्रीने नवी डिस्क बसवली. झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी बायकोने बाबांना खुर्चीत बसवलं. मिस्त्री त्या दिवशी कामावर गेला नाही. फोन वाजत होते, त्याने वाजू दिले. माइक पुढे ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

बाबांनी माइककडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघत होता, भिकाऱ्याने मुठीकडे बघावं तसा. तीन मिनिटं झाली तशी मशीन आपोआप थांबली. मग बाबा भिंतीकडे वळले.

"जाऊ द्या," बायको म्हणाली. "पुसून टाका ते. काहीच नाहीये त्यात."

त्याने एकट्याने ते ऐकलं. शेजारच्या खोलीत भांडं ठेवल्याचा आवाज होता, खुर्ची एकदा करकरली होती, आणि अगदी कान लावला तर बाबांचा श्वास. एवढंच. मिस्त्रीने ती फाईल तीन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवली. प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्यावर पेनाने तारीख घातली. खाली लिहिलं, दिवस पहिला.