गाडीखालची जागा

आमची गाडी आमच्या मुलीपेक्षा वयाने मोठी आहे आणि तिच्या एकाही नटाला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा पाना लागलेला नाही. निदान त्या सकाळपर्यंत मी तसं धरून चाललो होतो. शाळा मी लवकर सोडली. पुढचं आयुष्य दुसऱ्यांच्या मालवाहू गाड्या चालवण्यात आणि त्या वाटेत बंद पडल्या की त्यांच्या खाली आडवं पडण्यात गेलं. स्वतःची म्हणावी अशी ही एकच गाडी, आणि ती मी कुठल्याही मेस्तरीच्या दारात नेली नाही.

गाडीखाली मी असलो की स्टिअरिंगवर बायको असायची. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हे असंच आहे. तिला गाडी चालवता येत नाही, शिकायची हौसही तिने कधी दाखवली नाही. पण मी खालून ‘डावीकडे’ म्हटलं की ती चाक डावीकडे फिरवी आणि ‘बस’ म्हटलं की थांबे. मुलगी लहानपणी म्हणायची की बाबा आईशी बोलतात ते फक्त गाडीखालून. घरात त्यावर हसणं व्हायचं. मी हसत नसे, पण मला ते खोटं वाटलं नाही. डोक्यावर गाडीचं ओझं आणि वर बसलेल्या बाईच्या हातात चाक, अशा ठिकाणी माणूस जितका विश्वास टाकतो तितका तो दुसरीकडे कुठे टाकत असेल, असं मला वाटत नाही.

स्टिअरिंग ढिलं झालं होतं. वळणावर पुढून खट्ट असा आवाज यायचा. चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाला गोटीचा एक सांधा असतो. डाव्या बाजूचा तो झिजला असणार हे मला बसल्या जागी कळलं. सकाळी शेडचं दार उघडून उजेड आत घेतला, गाडीचं पुढचं अंग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे दिले, डावं चाक काढलं आणि पोतं अंथरून खाली शिरलो. ती वर जाऊन बसली.

सांध्याचा नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक स्प्लिट पिन घालतात आणि तिचे पाय वाकवतात. जो तो आपल्या पद्धतीने वाकवतो. मी एक पाय बोल्टच्या डोक्यावर चढवतो आणि दुसरा खाली दाबून टाकतो. आयुष्यात कधी वेगळं केलं नाही. इथे दोन्ही पाय नटाच्या कडेने गोल वळवलेले होते, कानाच्या पाळीला धरून बसलेल्या बाळीसारखे, अगदी नीट. पिन नवी होती.

मी खालूनच विचारलं, गाडीला कोणी हात लावला होता का.

वर थोडा वेळ काही आवाज झाला नाही. मग ती म्हणाली, “तुमच्याशिवाय कोण लावणार?”

उत्तर बरोबर होतं. उशीर बरोबर नव्हता.

मी पिन काढली. सांध्यावरची रबरी टोपी बोटाने सरकवली तर आत ग्रीस ताजं होतं, निळसर. मी आयुष्यभर पिवळं वापरलं आहे. मी स्वतःच केलं असेल आणि विसरलो असेन, हा विचारही मी करून पाहिला. पण माणूस जेवण विसरेल, नातेवाइकांची तोंडं विसरेल, आपल्या हाताचं वळण विसरत नाही. दुपारी मी झोपतो. किल्ली उशाला असते. ज्याने माझ्या उशीखाली हात घातला तरी मला जाग येणार नाही, असं घरात एकच माणूस आहे.

राग आला होता, पण हातातलं काम अर्धं टाकायची मला सवय नाही. जागा कमी पडत होती म्हणून मी ‘डावीकडे’ म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडायच्या आधीच दांडा सरकू लागला. माझ्या नेहमीच्या जागी थांबलाही नाही, पुढे गेला.

“इतकं नको,” मी म्हणालो.

“असं केलं की हात मोकळा राहतो.”

“कोण म्हणतं?”

तिने चाक तिथेच धरून ठेवलं. हात खरोखरच मोकळा राहत होता.

नट सैल करून मी सांध्याच्या बोल्टवर खालून हातोडा मारायला लागलो. मी तसाच मारतो. टोपीत ग्रीस ताजं असलं तरी बोल्ट आपल्या कड्यात गंजून लोखंडात लोखंड होऊन बसला होता. तेल सोडलं, थांबलो, पुन्हा मारलं. खांदा भरून आला, गंजाची पूड डोळ्यांत गेली, बोटाचं सालटं निघालं, पण तो जागचा हलेना. इतक्या वर्षांत असा हट्टी सांधा मला भेटला नव्हता. दम खायला थांबलो तेव्हा गाडीत एवढी शांतता होती की तिच्या बांगड्या चाकावर घासल्याचं मला ऐकू आलं.

“खालून नका मारू,” ती वरून म्हणाली. आवाजात उपदेश नव्हता, घाई होती, जसं आपण दुसऱ्याला उघड दिसणारी गोष्ट सांगतो. “ज्या कड्यात तो बसलाय, त्या कड्यावर बाजूने मारा. पलीकडून दुसरा हातोडा टेकवून धरा.”

या बाईला पाना आणि पक्कड यांतला फरक मीच समजावला होता.  तरी मी दुसरा हातोडा ओढून घेतला, पलीकडून टेकवला आणि कड्यावर बाजूने मारला. एकदा. पुन्हा एकदा. दुसऱ्या ठोक्याला आत काहीतरी सैल पडल्यासारखं झालं, आणि मला खात्री पटायच्या आत ती वर म्हणाली, “सुटला.”

सांधा माझ्या छातीवर येऊन पडला.

मी तसाच पडून राहिलो. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला असं वाटलं की हे घर, ही शेड, अंगाखालचं हे पोतंसुद्धा कोणीतरी माझ्यापेक्षा जास्त वापरलं आहे. बाईने नवऱ्याला फसवावं याचे जे प्रकार मी ऐकले होते, त्यांत हा बसत नव्हता, आणि म्हणून तो कोणाला सांगताही येणार नव्हता. पण माझ्याजवळ तिच्यासाठी ही एकच जागा होती. तीच तिने दुसऱ्याला दिली असेल, तर मी एवढी वर्षं कुठे होतो?

मी बाहेर आलो. हातातला हातोडा ठेवायचं भान राहिलं नाही. डाव्या खिडकीतून आत पाहिलं तर तिची माझ्याकडे पाठ होती. ती आपल्या बाजूच्या खिडकीकडे झुकली होती आणि चाक हळूहळू फिरवत होती.

“उतर खाली,” मी म्हणालो. “कोण येतो इथे?”

“थांबा जरा,” ती न वळता म्हणाली. पाहुण्यांसमोर मूल मध्येच बोललं की बायका ज्या आवाजात गप्प करतात, त्या आवाजात. “त्याचं व्हायचंय अजून.”

मी गाडीच्या समोरून पलीकडे गेलो. उजवं चाक मी काढलेलं नव्हतं. ते ठोकळ्याच्या आधाराने अधांतरी होतं आणि वळत होतं. थोडं डावीकडे, थोडं मागे, मग थांबत होतं. खालच्या माणसाला जागा लागते तेवढंच. ती ऐकत होती. मान किंचित कलती करून, ओठ मिटून, एकेक शब्द नीट ऐकावा तशी ऐकत होती. मला काही ऐकू येत नव्हतं, आणि मी खाली होतो तेव्हा माझ्याशेजारी कोणी नव्हतं.

मग तिने खिडकीतून मान बाहेर काढली आणि खाली पाहत, अगदी हळू म्हणाली, “हात जप.”

माझ्या हातांचं रक्त तिने कितीदा तरी धुतलं आहे. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

गाडीखाली पाहायला मला फक्त गुडघे टेकायचे होते. मी टेकले नाहीत.