सुंदररावांच्या घरचा वानोळा

पाटोद्यात सुंदररावांच्या घरी भाजी विकत आणत नाहीत. ती येते. गावोगावचे कार्यकर्ते शेतातला पहिला माल वानोळा म्हणून आणतात आणि साहेब तो हात जोडून घेतात. खाणारी माणसं घरात दोनच, साहेब आणि त्यांच्या पत्नी वनमालाबाई. पण आलेला वानोळा दुसऱ्याला द्यायचा नाही, देणाऱ्याचा मान जातो, असा साहेबांचा कायदा.

हा मान दिसावा म्हणून त्यांनी बैठकीत काचेच्या दाराचा फ्रिज आणून ठेवला, कोल्ड्रिंकच्या दुकानात असतो तसला. येणाऱ्याला आपली वांगी काचेतून दिसली पाहिजेत. म्हणून कोथिंबीर ओलीच कोंबायची, तिच्यावर पपई, पपईवर मेथी. आत सगळं सडायचं आणि वनमालाबाईंनी ते मागच्या दाराने उकिरड्यावर टाकायचं. दर वेळी त्यांचा जीव तुटायचा.

निवडणूक आली आणि साहेब उभे राहिले. गहिनीनाथ ज्याच्या बाजूने, त्याच्या गळ्यात विजयाचा हार, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. तो टोपलंभर सीताफळं घेऊन आला.

"वरच्या खान्यात मांडा," तो गेल्यावर साहेब वनमालाबाईंना म्हणाले.

"नका. गव्हात ठिवू द्या."

"कावून?"

"कच्ची हायती अवो. गारठ्यात काळी पडत्यात, पिकत न्हाईत."

"आन् गव्हात ठिवल्यावर त्याला दिसनार कशी?"

वनमालाबाईंनी निम्मी फ्रिजात मांडली आणि निम्मी गुपचूप गव्हाच्या कोठीत पुरली.

काही दिवसांनी गहिनीनाथ पाठिंब्याचं बोलायला आला आणि फ्रिजपुढेच थबकला. आत त्याची सीताफळं कोळशासारखी काळी पडली होती.

"सुंदरराव, फळं सांभाळता येईनात, तालुका काय सांभाळता?"

तेवढ्यात वनमालाबाईंनी ताट आणलं. बोट लावताच उकलणारी, पिकलेली सीताफळं. गहिनीनाथ खातच राहिला.

"वैनी, आमचा माल इतका गोड हाय, आमालाच ठाव नव्हतं," तो म्हणाला आणि पाठिंबा देऊन गेला.

साहेबांनी यातून घेतलेला धडा असा, की वानोळा आणखी आला पाहिजे. पाठिंब्याची बातमी फुटली तशी दुसऱ्या सकाळी अंगणात रांगच लागली. मेथी, शेपू, वांगी, भोपळे.

"बसवा समदं फ्रिजात," साहेब म्हणाले.

"न्हाई बसत," वनमालाबाई म्हणाल्या. वर्षानुवर्षं सांगून थकलेल्या त्यांनी पदर खोचला आणि त्या दारात उभ्या राहिल्या. मेथी आणलेल्या आश्रुबाच्या हातात त्यांनी वांगी ठेवली, वांगी आणलेल्या तानाजीच्या हातात मेथी. गेली मतं, म्हणून साहेबांनी डोळे मिटले.

आश्रुबाने वांगी कपाळाला लावली आणि रांगेकडे वळून ओरडला, "साहेबाच्या घरचा वानोळा! आजवर या दारात नुसतं आणून दिलं. आतून बाहेर पयल्यांदाच कायतरी आलं!"

अंगणात टाळ्या पडल्या. साहेबांनी डोळे उघडले, हात जोडले आणि तिथल्या तिथे भाषण सुरू केलं. ते संपेस्तोवर वनमालाबाईंनी अंगणात मेथीची काडी शिल्लक ठेवली नव्हती.