न वाचता कोरलेल्या ओळी

मित्रांनो, वीतभर लांबीची, पोलादाची एक म्हातारी छिन्नी तुमच्याशी बोलते आहे. लोहाराने मला भट्टीत तापवले, ऐरणीवर ठोकले, पाण्यात बुडवले आणि माझ्या तोंडाला धार दिली. तिथून मी एका पाथरवटाच्या हाती आले. तो कबरींचे दगड घडवत असे. माझे काम एकच, अक्षरे कोरायचे.

पाथरवटाच्या हातात कसब होते. त्याची वेलांटी कधी वाकडी गेली नाही की काना कधी तुटला नाही. लोक दगडावरून बोट फिरवून म्हणत, "काय सुरेख कोरलंय!" मग मीही फुशारून जाई. नावाखाली पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, एखादे वचन असे. कागदावरचे दगडावर उतरवायचे आणि पुढचा दगड घ्यायचा. ते काय सांगते, याच्याशी आम्हाला देणेघेणे नव्हते.

त्याची बायको दर बुधवारी शेजारच्या शिक्षिकेच्या घरी शास्त्राभ्यासाला जाई. परत आली की तिला काय सांगू नि काय नको असे होई.

"अहो, आज येशूच्या पुनरुत्थानाचा अध्याय घेतला. एकदा माझ्याबरोबर वाचा ना."

तो दगडावरची भुकटी फुंकून म्हणे, "रोज मेलेल्यांची नावं कोरतो मी. त्यातलं कुणी उठून आलेलं अजून पाहिलं नाही."

"मग बसा कोरत!" असे म्हणून ती चहाचा कप ठेवून जाई.

एकदा कागदावरचे एक अक्षर पुसट होते, म्हणून त्याने तिचे शास्त्राचे पुस्तक मागितले. तिचा चेहरा खुलला. त्याने तेवढे अक्षर तपासले आणि पुस्तक मिटले. ती ते उचलून आत गेली. मी त्याच्या मुठीतच होते, पण मला कुठे तोंड उघडता येते?

त्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली.

पाथरवटाने मला कोपऱ्यात टाकले. ना पुसले, ना तेल लावले. मला गंज चढला. गिऱ्हाइकांना तो दारातूनच परत पाठवी. अखेर एके दुपारी त्याने तिच्यासाठी दगड काढला आणि नाव कोरले. खाली कोणते वचन घालावे, ते मात्र त्याला ठाऊक नव्हते. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी विचारलेच नव्हते.

त्याने तिचे पुस्तक उघडले. काही बाया पहाटे येशूच्या कबरीकडे निघाल्या होत्या आणि कबरीच्या तोंडावरचा दगड कोण लोटील याची त्यांना काळजी होती. त्या ओळीशेजारी तिने पेन्सिलीने लिहिले होते, 'यांना विचारायचं. एवढा दगड हलवायला किती माणसं लागतील?'

तो मोठ्याने म्हणाला, "चौघं लागतील गं. पहार असेल तर तिघं." आणि लहान मुलासारखा रडू लागला.

मग तो पुढे वाचत गेला. दगड आधीच बाजूला झाला होता, कबर रिकामी होती. कबरीबाहेर रडणाऱ्या एका बाईला येशूने नावाने हाक मारली, तेव्हा कुठे तिने त्याला ओळखले. जन्मभर नावे कोरणारा तो माणूस तिथेच थबकला.

पुढच्या बुधवारी तो शिक्षिकेच्या दारात उभा राहिला. "बाई, मला यातलं काही कळत नाही. पहिल्यापासून शिकवाल?"

"बसा," त्या म्हणाल्या. "आम्हीही शिकतोच आहोत."

विश्वास काही एका दिवसात आला नाही. पुष्कळ बुधवार गेले. पण तिच्या नावाखाली वचन कोरताना तो प्रत्येक शब्द उच्चारत होता. पुढे कुणी कागद घेऊन आले की तो त्यांना बसवून घेई, गेलेल्या माणसाबद्दल विचारी, वचन वाचून दाखवी. हेच आपले खरे काम, असे त्याला वाटू लागले.

एकदा शिक्षिकेने विचारले, "आता मनाला शांती आहे ना?"

"येशू उठला, हे मी मानतो. तीही मला भेटेल," तो म्हणाला. "पण भेटली की आधी माफी मागायची आहे."

मित्रांनो, हत्यार वापरून झाले की पुसून ठेवत जा. माझ्या अंगावरचे गंजाचे खड्डे घासूनही गेले नाहीत. आणि घरातले कुणी पुस्तक घेऊन तुमच्याशेजारी येऊन बसले, तर हातातले काम खाली ठेवा. दगड उद्यापर्यंत थांबेल.