तळ्याच्या पायऱ्या

“तू बोललास म्हणून ते तुझं झालं का? मांडलं कोणी? मी!” ताई इस्त्री आपटत म्हणाली.

“मांडलं म्हणे! दुकान आहे का मांडायला?”

“आई, ह्याला गप्प कर. चार वाजता मला कॉलेजात प्रबंध वाचायचाय.”

“टोच्या, आजच्या दिवस नको ना रे,” आई म्हणाली. टोच्या म्हणजे मी. लहानपणापासून सगळ्यांना टोचत असतो म्हणून. पुढे पुस्तकं बांधायच्या कारखान्यात लागलो, तर तिथेही हातात पानांना भोकं पाडायचा टोचाच आला.

प्रबंध मला तिच्या पिशवीत सापडला. काळं कापड, सोनेरी अक्षरं. खरं तर तो मीच बांधणार होतो, पण तिने गुपचूप बाहेरून बांधून आणला. का, ते आभाराच्या पानावर कळलं. सर आहेत, ग्रंथपाल आहेत, वेळेवर चहा देणारी आई आहे. मी कुठेच नाही. आणि चौथ्या पानावर, ‘कादंबरी वाचताना माझ्या लक्षात आलं की...’

तिच्या कसलं? माझ्या लक्षात आलं होतं!

ती कादंबरी घरी मी आणली. कापताना वाकडी कापली गेली, खालचे पानांचे आकडे उडाले, म्हणून मालकाने टाकाऊत फेकली होती. शाळा सोडल्यापासून एवढं एकच पुस्तक मी पुरं वाचलं. बाप आणि मुलगा पुस्तकभर भांडतात, कोण कोणाला सोडून गेलं त्यावरून. पण त्यांच्या मागे एक तळं आहे. आधी त्याच्या तीन पायऱ्या उघड्या. मग सात, मग अकरा, मग चौदा. चौदाव्या पायरीला सायकल टेकवून मुलगा बापाला शिव्या घालतो आणि दोघंही तळ्याकडे बघत नाहीत. पलीकडचा कापड रंगवायचा कारखाना, बाप जिथे कामाला आहे तोच, पाणी ओढतोय, आणि अख्ख्या पुस्तकात एकजण विचारत नाही की पाणी गेलं कुठे. मी पायऱ्यांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. ताईला म्हटलं, “तुमचे सर काहीही म्हणोत, ही गोष्ट तळ्याची आहे. माणसं नुसती मध्येमध्ये कडमडतात.”

ती तीन महिने विषय शोधत होती. तिने मला मिठीच मारली. “टोच्या, पहिल्या पानावर तुझं नाव टाकते बघ!” आणि पुस्तक घेऊन गेली. मी म्हटलं होतं, वाक्यं मध्येच तुटतात, बापाची नोकरी जाते आणि लगेच तो पुन्हा कामावर दिसतो, असं कसं? ती हसली. “आधुनिक कादंबरी अशीच असते, वेड्या.” मला काय माहीत, असेल.

आज सकाळी विचारलं, नाव का नाही? तर इस्त्री उभी करून हळू आवाजात म्हणाली, “काय लिहू? नववीत शाळा सोडलेला भाऊ? नोकरीवर घेणारे लोक समोर बसणार आहेत. सगळं आजच्यावर आहे माझं. आणि तू येऊ नकोस तिथे. तुझ्या हातांना खळीचा वास येतो.”

दार आपटून कामावर आलो. तर टेबलावर त्याच कादंबरीच्या फर्म्यांचे गठ्ठे, नवीन छपाई. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. आम्ही टेबलाभोवती फिरत ओळीने एकेक उचलतो आणि पुस्तक लावतो. सहावा उचलला, सातवा उचलला आणि जागीच थांबलो. सहाव्यात अकरा पायऱ्या. सातव्यात सात. खाली पानांचे आकडे धडधडीत छापलेले. घरच्या प्रतीत हे दोन उलटे लागले होते. लावले कोणी? तेव्हाही ह्या टेबलाला मीच होतो. वाक्यं लेखकाने तोडली नव्हती, मी तोडली होती.

मी उभ्यानेच वाचलं. म्हणजे पाणी एकदा परत आलं होतं! कारखान्याला वर्षभर टाळं लागलं, बापाची नोकरी गेली, घरात खायचे वांधे, आणि तिकडे तळं चार पायऱ्या वर चढलं. माझ्या प्रतीत हे आधीच येऊन गेलं, म्हणून संबंधच लागला नाही. हे तर अजून भारी आहे. आणि ताईने जाड अक्षरात प्रकरणाचं नावच दिलंय, ‘एकदाही न परतणारं पाणी’.

लगेच फोन लावला. “ताई, त्या पायऱ्या...”

“हे बघ, तुझं रडगाणं आता नको.” मागून कोणीतरी बाई काहीतरी विचारत होती. ताई तिला म्हणाली, “कोणी नाही मॅडम, बाइंडिंगवाला आहे.”

आणि कट.

बाइंडिंगवाला. मग मेसेज लिहिला, ‘सहावा आणि सातवा उलटा आहे, सांभाळ.’ बोट पाठवायच्या खुणेवर ठेवलं. मग सगळं पुसलं.

ती वाचून उठली की तिथे विचारतात, कोणाला काही प्रश्न आहे का? कोणीही विचारू शकतं म्हणे. मला एक आहे. दोन्ही फर्मे शर्टाच्या आत घातलेत. मालक जेवायला गेलाय, साडेतीनची बस समोर येऊन लागलीय. मला आता निघायला पाहिजे.