चिंचेने घासलेल्या घंटा

बाबारावकाकांचा फोन आला आणि मी खुर्चीतून उडालेच. हिंगण्याच्या पुढे आमच्या शेतात मोठमोठ्या दगडांचं एक वर्तुळ आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथे माणसासोबत त्याचा घोडाही पुरलाय, असं मी विद्यापीठात घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते. कोणी मनावर घेत नव्हतं. आणि आता पाइपलाइनसाठी नाली खणताना काकांना तिथेच, घोड्याच्या गळ्यात बांधतात तशा, तांब्याच्या छोट्या घंटा सापडल्या होत्या!

"सांभाळून ठेवा काका, मी सरांना घेऊन येते!"

माझे मार्गदर्शक रविंद्र सर गाडीत बसतानाच म्हणाले, "ठोस काही दिसलं तर उत्खनन तुमच्या शेतात. नाहीतर परवानगी दुसऱ्या गावासाठी मागू."

घरी पोहोचताच शोभाकाकूने ताट पुढे केलं. घंटा नुसत्या लखलखत होत्या.

"काकू, हे काय केलंस!"

"काहून वं? मोठे साहेब घरी येऊन राहिले, अन् मी काय मळक्या घंटा दाखवू? चिंच लावून घासल्या. आतला गंज, माती सारं काढून फेकलं."

सरांनी एक घंटा उलटसुलट करून पाहिली. "गेल्या पोळ्याला बाजारातून आणली असं कोणी म्हटलं, तर काय उत्तर देणार?"

मला रडूच कोसळलं. पाहुणा येणार म्हटलं की आमच्या घरी सगळं घासूनपुसून ठेवतात, मला हे ठाऊक होतं. तरी राग आला, प्रचंड आला.

"सगळ्या घासल्यास?"

"एक राहिली न. तिले हाड चिकटून होतं. हाड माह्या चुलीपाशी कोण आणते? निंबाखाली टोपल्यानं झाकून ठेवलं."

मी धूम ठोकली. मागून सरही पळत आले. टोपलं उचललं. मातीच्या ढेकळात हिरवीगार घंटा, आणि तिला बिलगलेला एक जबडा. घंटा टेकली होती तिथे तांब्याच्या गंजाने हाडही हिरवं पडलेलं, म्हणजे दोन्ही कित्येक शतकं एकत्रच पुरलेली. सर गुडघ्यांवर बसले आणि ते लांब दात बघून चक्क ओरडले, "घोडा! अश्लेषा, घोडाच आहे हा! आता खणायचं ते इथेच!"

ढेकूळ दोन्ही हातांनी उचलून मी अलगद पेटीत ठेवलं आणि काकूला मिठी मारायला धावले. काकू झटकन मागे सरली.

"हाडाले हात लावला न तू! आधी आंघोळ कर वं, मग माह्या गळ्यात पड!"

मी कपड्यांसकट अंगणातल्या नळाखाली जाऊन बसले.