अर्धस्वयंचलित आशीर्वाद

वडीगोद्रीच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर बसलेले कल्याण महाराज डोळे मिटून भक्ताचा प्रश्न गुरुमूर्तीच्या कानी घालत. मूर्तीचा उजवा हात घुर्र करत वर जाई आणि आपोआप खाली येई. हात उठला म्हणजे होकार.

"कोणी हात लावत न्हाई, कोणी दोरी ओढत न्हाई! बिलकुल स्वयंचलित कृपा!" महाराज गर्जत, आणि लोक जयघोष करत.

माझी शेजारीण नंदाबाई पुढे सरकली. तिची लेक तृप्ती इन्सुलिनच्या सुईवर जगते.

"महाराज, पोरीची सुई बंद करू का?"

हात उठला. नंदाबाईनं इन्सुलिनचा डबा मूर्तीच्या पायाशी ठेवला.

माझं डोकंच सणकलं. मी आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकवते. ती घुरघुर मला झोपेतही ओळखू येईल.

"नंदाबाई, सुई थांबली तर पोरगी जिवानिशी जाईल!"

"मॅडम, तुमचं विज्ञान घरी ठेवा," महाराज हसले. "हे स्वयंचलित हाय."

"अर्धस्वयंचलित म्हणा! जीपच्या वायपरची मोटर आहे ही. कळ दाबली की दांडी फिरते, आपली आपण जागेवर येऊन थांबते. पण दर खेपेला सुरुवात माणूसच करतो. इथं कोण करतंय? उठा पाटावरून!"

"पाट सोडला की कृपा जाती!"

"देव मूर्तीत हाय का पाटात?" म्हातारे पुंजाराम पाटील मागून ओरडले. "उठा की जल्दी!"

लोक खदखदले. महाराज चरफडत उठले. नंदाबाईनं पुन्हा विचारलं. मूर्ती ढिम्म.

मग मीच पाटावर बसले. मांडीखाली कळ टोचलीच.

"गुरुमूर्ती, हा महाराज लबाड आहे का?"

विचारून मी मांडीनं कळ दाबली. घुर्र! हात दिमाखात वर गेला.

पुंजारामांनी सतरंजी ओढली. पाटापासून निघालेली वायर मूर्तीच्या पोटातल्या मोटरपर्यंत गेली होती. महाराज "माया, माया" पुटपुटत चपला शोधू लागले. सगळे हसत होते, नंदाबाई मात्र नाही. डबा उचलून तिनं महाराजांची वाट अडवली.

"माझ्या लेकराचं मरण मांडीखाली घिऊन बसून राह्यले व्हते व्हय? आता सुई दिऊनच तिला जेवू घालते. बघते कोण अडवतं!"

कुणीही अडवलं नाही.

बाबांनो, काही आपोआप घडताना दिसलं, तर हात जोडण्याआधी कळ कोण दाबतंय ते बघा. आणि बघून होईपर्यंत औषध सोडू नका.