नोरीनच्या उंदरांची यकृतं

नोरीनच्या उंदरांची यकृतं पिवळी पडली, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात, तळं दगडासारखं गोठलेलं असताना, संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला आनंदाची फार कारणं मिळत नाहीत. डॉ. हल्वरसन यांच्या हाताखाली आम्ही उंदरांना गरजेपेक्षा जास्त अमिनो आम्लं खायला घालतो आणि त्यांच्या यकृताचं कसं वाटोळं होतं ते बघतो. अमिनो आम्लाला शरीरात कोठार नाही. जादा आलं की यकृताने ते मोडायचं, त्यातल्या नायट्रोजनचा युरिया करून लघवीवाटे घालवायचा, उरलेल्याची साखर नाहीतर चरबी करायची. यकृत बिचारं तक्रार न करता राबतं आणि एक दिवस स्वतःच तुपकट होऊन बसतं. तो दिवस आला की आम्ही डोनट आणतो.

नोरीनच्या वाट्याला जिममधली पोरं बाटलीतून पितात ती तीन अमिनो आम्लं आली होती. माझ्या वाट्याला मेथिओनिन नावाचं चौथं. तिच्या उंदरांची यकृतं लोण्याच्या गोळ्यासारखी. माझ्या उंदरांची लालबुंद, तुकतुकीत. उंदीरही सडपातळ, उन्हाळ्यात पोहायला निघाल्यासारखे.

"एम्मेट, तुझं कसं काय?" डॉ. हल्वरसननी बैठकीत विचारलं.

"सगळे ठणठणीत आहेत, डॉक्टर."

"अरेरे," त्या म्हणाल्या. शेजारच्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

वसंत ऋतूत डेन्व्हरला मोठी परिषद होती आणि आमच्याकडून एकालाच भाषणाला पाठवणार होते. तिथे बोललेल्या माणसाला पुढे नोकरी मिळते. न बोललेल्याला अजून एक हिवाळा. नोरीनचा मत्सर मी आधीपासूनच करत होतो. आता तिच्या उंदरांचाही करू लागलो. डबा खाताना तिच्या उंदरांच्या यकृताचा फोटो भिंतीवर समोर असायचा. इतकं सुंदर सडणं आपल्या उंदरांना का जमू नये?

मग मी माझे आकडे उलटेपालटे करून बघितले. खाद्य साधं खाणाऱ्या उंदरांइतकंच संपतंय. वजन मात्र घटतंय. यकृत स्वच्छ. पुढच्या बैठकीत मी घसा खाकरून म्हणालो, "मेथिओनिनने यांचा चयापचय वाढलाय. सगळं जाळून टाकतायत."

डॉ. हल्वरसन खुर्चीतून उठल्या. मी त्यांना बैठकीत उठताना कधी पाहिलं नव्हतं, आगीचा भोंगा वाजला तेव्हासुद्धा नाही. "खातात तेवढंच, वाळतात, आणि यकृताला धक्का नाही? एम्मेट, डेन्व्हरला तू जा!"

नोरीन "अभिनंदन" म्हणाली, ते मयताला आल्यासारखं. तिच्या चेहऱ्यावर मत्सराची हिरवट छटा होती. मी ती छटा डोळे भरून पाहून घेतली.

पण मत्सराला सुट्टी नसते. दोनच दिवसांत मला वाटायला लागलं, हिने इतक्या लवकर हार कशी मानली? हिच्या पिंजऱ्यांत नक्की काहीतरी भानगड आहे. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी गाळणी घेऊन तळघरातल्या उंदरांच्या खोलीत उतरलो. तिच्या उंदरांखाली अंथरलेला भुसा चाळून बघायचा होता.

आत एक जण आधीच उभी होती. टोपी, मास्क, झगा. फक्त डोळे दिसत होते. नोरीनचे. माझा पिंजरा उघडा होता आणि तिच्याही हातात गाळणी होती.

"माझ्या उंदरांपाशी काय करतेस गं?"

"तुझ्या हातात ती गाळणी कसली?"

"चहाची."

"तू चहा पीत नाहीस."

"सुरू करणार होतो."

"एम्मेट, तुझ्या पिंजऱ्यांना वासच येत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे ये. भुसा रोज चिंब, डोळ्यांतून पाणी काढतो. एवढं अमिनो आम्ल पोटात गेलं तर तो नायट्रोजन जातो कुठे? खिशात घालून नेतात का तुझे?"

"शिस्तीचे आहेत."

"ओंजळ कर."

तिने माझ्या ओंजळीत गाळणी उपडी केली. गुलाबी चुरा. मेथिओनिनचं खाद्य ओळखू यावं म्हणून गुलाबी करून घेतलेलं असतं. माझे उंदीर ते पिंजऱ्यातल्या खाद्याच्या टोपलीतून कुरतडत होते, चव बघत होते आणि खाली भुशात थुंकत होते. मी रोज सकाळी टोपली तोलायचो आणि कमी झालेलं सगळं 'खाल्लं' म्हणून लिहायचो. पानातून गेलं म्हणजे पोटात गेलं! चयापचय कसला वाढतोय; बिचारे अर्धपोटी होते.

"झालं," मी म्हणालो. "आता तू हल्वरसनबाईंकडे धावत जाशील."

"मी? छे. जळते म्हणून सांगतेय असं म्हणतील सगळे."

"पण जळतेस ना?"

"मग! भाजून निघालेय." तिने पिंजरा नीट बंद केला. "तू सांग. नाहीतर खुशाल जा डेन्व्हरला. मी पहिल्या रांगेत बसेन. गाळणी घेऊन."

माझ्या मनात सद्सद्विवेकबुद्धी वगैरे काही जागी झाली नाही. फक्त पहिली रांग दिसली. मी तसाच, झगा न काढता, वर गेलो.

मी सगळं सांगितल्यावर डॉ. हल्वरसननी गुलाबी चुरा बोटाने चिवडून बघितला. "म्हणजे जादा मेथिओनिन यकृताला बाधतं की नाही?"

"माहीत नाही, डॉक्टर. कोणी खाल्लंच नाही फारसं."

"एकाही उंदराला ते खावंसं वाटलं नाही, आणि तुला संशय आला नाही."

"नाही."

"डेन्व्हरला नोरीन जाईल. तू पहिल्यापासून सुरू कर. खाद्य जेलीत कालवून दे, आणि रोज भुसा चाळून सांडलेलं तोल."

नोरीन बाहेर जिन्यात उभी होती. ऐकलं नाही असं दाखवायचं तिने ठरवलं होतं, पण जमत नव्हतं.

"तिकडून काय आणू तुला?" तिने विचारलं.

"काही नको. तुझा माइक बंद पडू दे."

"सांगून बघते त्यांना."